नागपूरच्या चार दिवसांच्या पुड्या

माझ्या बायकोची प्रवासाची पिशवी म्हणजे अर्धं किराणा दुकान. चार दिवसांसाठी निघाली तरी खोबरेल तेलाची अख्खी बाटली, अंगाच्या साबणाची कोरी वडी, कपड्याच्या साबणाची वेगळी, टूथपेस्टची नवी ट्यूब, बाम, आणि एका पत्र्याच्या डबीत कापूस, पट्ट्या, मलमं, कात्री. मी वैतागायचो. "अगं, नागपुरात तेल मिळत न्हाई का?" तर म्हणायची, "मिळतंय की. पण आपलं आपल्यापाशी असलेलं बरं. कुणाला मागायची पाळी येऊ नये." मागणं तिच्या अगदी जिवावर यायचं. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर दिवस मावळायच्या आत वाटी परत जायची, शीग लावून.

नांदेडला आम्ही दोघंच. मूलबाळ झालं नाही. गाव लोह्याकडचं, तिथं भावकी आहे, पण जाणं-येणं लग्नाकार्यापुरतं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. सगळी नोकरी काचसामान धुण्यात, द्रावणं भरण्यात आणि पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांवरून बोंबलण्यात गेली. निवृत्त झालो तेव्हा भाषणात एक सर म्हणाले की ह्यांच्या हातून कधी काही सांडलं नाही. ते खरं होतं. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी घरीसुद्धा रोज वापरत होतो.

दरवर्षी आमच्या विहारातल्या बाया मिळून दीक्षाभूमीला जात. रेल्वेनं जायचं, तिथं मैदानात सतरंजी टाकून झोपायचं, पाण्याला रांग, संडासाला रांग, आणि त्या गर्दीतून चालत जाऊन वंदना करून यायचं. ती गाडी बायांची. नवरे स्टेशनवर सोडायला जायचे आणि चार दिवस हाताने भात शिजवून खायचे. लग्नानंतर तिनं ही वारी एकदाही चुकवली नव्हती, सासू आजारी असतानासुद्धा नाही.

मग तिच्या छातीत गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचं सगळं काढलं, काखेतल्या गाठीसुद्धा. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एसटीनं लातूरला जायचं, सलाइनमधून औषध घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ओकत परत यायचं, असं सहा वेळा. केस गेले. तोंड आलं, म्हणजे असं आलं की तिखट सोडा, साधा वरणभातही झोंबायचा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की डाव्या हातानं वजन उचलायचं नाही, आयुष्यभर. हात सुजतो आणि सुजला की उतरत नाही.

सहावं सलाइन झालं आणि दसरा जवळ आला. एका दुपारी ती म्हणाली, "औंदा नागपूरला जायचं म्हणते."

"येडी का खुळी तू? पुढल्या साली जा."

"पुढल्या सालाचं कुणी लिहून दिलंय?" ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, भाजीला मीठ आहे का विचारावं तसं.  अडलो की मी उठून बाहेर जातो, तसा गेलो.

बायांच्या त्या गाडीची व्यवस्था पाहणाऱ्या एक अक्का आहेत, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. बोलायला फटकळ, पण मनानं चांगल्या. त्या घरी आल्या, चहा घेतला आणि स्पष्टच बोलल्या. "बाई, तुला न्यायला माझी ना न्हाई. पण गर्दी कसली असती तुला ठावं हाय. सगळ्या बाया साठीच्या पुढच्या. जिचं तिला झालं पाहिजे. तुझी पिशवी कोण उचलणार?"

"मीच उचलीन की," ही म्हणाली. "उजवा हात हाय ना. माझ्या पिशवीला कुणाला हात लावू देणार न्हाई. बघा तुम्ही."

अक्का माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणालो, "तिची पिशवी एवढी हलकी करून देतो की तिला करंगळीनं उचलता येईल." का बोललो कोण जाणे. बोलून बसलो खरा. हिनं माझ्याकडं असं बघितलं की आता माघार घेणं शक्य नव्हतं.

दोन साड्या, एक शाल, एक ताटली, एवढ्याला वजन किती असणार. वजन सगळं बाटल्या-ट्यूबांचं. चार दिवसांना तेल लागतं चार चमचे. पेस्ट लागते आठ वाटाण्यांएवढी. मग अख्खी बाटली कशाला वाहायची? एका वेळेला एक पुडी फोडायची, वापरायची, फेकून द्यायची. प्रयोगशाळेत आम्ही बारीक काचनळीत रसायन भरून बर्नरवर तिचं तोंड वितळवून बंद करायचो. तीच युक्ती. काचेऐवजी स्टेशनजवळच्या ज्यूसवाल्याकडून फालुद्याच्या जाड प्लॅस्टिकच्या नळ्या आणल्या. प्लॅस्टिक बंद झाल्यापासून त्याच्याकडं पडून होत्या. "काका, न्या सगळ्या, मला नको झाल्यात," म्हणाला.

नळीचे दोन-दोन बोटांचे तुकडे केले. तुकड्याचं एक टोक चिमट्यात धरायचं, केसभर कड बाहेर ठेवायची आणि ती स्पिरिटच्या दिव्याजवळ न्यायची. ज्योतीत नाही, जवळ. कड पांढरी होऊन मऊ पडली की चिमटा दाबायचा. मग बिनसुईच्या सिरिंजनं आत माल भरायचा, वरचं तोंड कापसानं आतून कोरडं करायचं आणि तसंच बंद करायचं. हे कोरडं करायचं मी पहिल्यांदा विसरलो. पेस्टची पुडी चर्र झाली, फुटली आणि माझ्या चष्म्यावर उडाली. सगळ्या घरात जळक्या पुदिन्याचा वास. ही भिंतीला टेकून बसली होती, पदर तोंडाला लावून हसायला लागली. "हसवू नका ओ, तोंड दुखतंय," म्हणायची आणि पुन्हा हसायची. त्या सगळ्या वर्षात ती इतकी हसलेली मला दुसरी आठवत नाही.

आठवडाभर माझा तोच उद्योग. खोबरेल, पेस्ट, बाम, जखमेचं पिवळं मलम. साबण किसणीवर किसून त्याचा चुरा. मीठ-साखरेच्या पुड्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तोंडातल्या फोडांना लावायचं जेल. ते जेवणाआधी लावलं की अर्धा तास तोंड बधिर व्हायचं आणि तेवढ्यात तिला चार घास खाता यायचे. दिवसाला तीन, चार दिवसांच्या बारा, वर दोन जादा. प्रत्येक पुडीवर मार्करनं अक्षर.

एकदा बंद केलेल्या तोंडावर माझं समाधान होईना. मी कड दुमडून ती पुन्हा वितळवायचो, दुहेरी. मग बादलीत पाण्याखाली दाबून बघायचो. एक बुडबुडा आला तरी ती पुडी बाद.

ती बघत बसायची. एकदा म्हणाली, "ते शाम्पूच्या पुडीला काठाला करवतीवाणी असतंय ना. तसलं काही करता येतंय का?"

"ती कंपनीची भिकार पुडी," मी म्हणालो. "तिथूनच फुटती आणि सगळी पिशवी बरबटती. माझ्या कामात अक्कल शिकवून राहिली का तू मला?"

"मी आपलं विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली.

तिच्या डबीतली कात्रीही मीच काढून ठेवली. कशाला लोखंड वाहायचं? पुडी नुसती पिरगाळली की फुटते. मी तिला फोडून दाखवली. माझ्या बोटांनी.

आता ह्या ठिकाणी मला थांबून सांगितलं पाहिजे, कारण ते मला दिसत होतं. पाचव्या सलाइनपासून ती म्हणत होती की बोटांना मुंग्या येतात, कशाला धरलंय ते कळत नाही. मी म्हणालो, औषधाचं आहे, जाईल. ब्लाऊजची हुकं लावायला ती शेजारणीला हाक मारायची. सुईत दोरा ओवायची थांबली होती. एकदा भातात खडा लागला, माझी दाढ सणकली आणि मी ताटलीच सरकवली. "डोळे फुटले का तुझे?" म्हणालो. ती म्हणाली, "चुकलं." डोळे शाबूत होते तिचे. बोटांना खडा आणि तांदूळ यातला फरक कळत नव्हता. ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारावं असं मला वाटलं नाही.

निघायच्या दिवशी पिशवी तिच्या हातात दिली. चौदा जेलच्या आणि बाकीच्या सगळ्या पुड्या एका रुमालात बांधलेल्या, गाठोडं पेरूएवढं. तिनं पिशवी उजव्या हाताच्या दोन बोटांवर उचलली आणि अक्कांच्या समोर नाचवली. "बघितलं का? मालकांनी करून दिल्यात." फलाटावर सगळ्या बाया माझ्या पुड्या बघायला गोळा झाल्या. जयभीम, जयभीम करत गाडी हलली. मी घरी येताना छाती काढून चालत आलो.

रोज फोन यायचा, पाठीमागं कल्ला. "पुड्या कशा आहेत?" मी पहिलं हेच विचारायचो. जेवलीस का, हे नंतर.

"लई कामाला आल्या बघा. सगळ्या बाया विचारून राहिल्या."

"जेल लावतेस ना?"

"लावते की."

चार दिवसांनी ती उतरली तेव्हा मला धक्काच बसला. गाल आत गेले होते, ओठ पांढरे पडून सोलले होते. पण डोळे असे भरलेले की काय सांगू. स्तुपाच्या आतपर्यंत जाऊन आली होती, आपल्या पायांनी, आपली पिशवी घेऊन. आणि मी काय केलं? फलाटावरच तोंड सोडलं. "चार दिवस उपाशी राहिलीस का? एवढं बसून जेल भरून दिलं ते काय शोभेला?"

"लावलं की," ती म्हणाली. "त्याच्यानंच तर निभावलं."

मग महिनाभर मी गल्लीत ऐट मिरवली. चहाच्या टपरीवर, बँकेत पेन्शनीच्या रांगेत, कुणीही भेटो, माझी नळीची पुडी निघायचीच. दोघा-तिघांना घरी बोलावून करून दाखवली. ती चहा आणून द्यायची आणि म्हणायची, "लई कामाला आल्या नागपुरात."

थंडीत तिला धाप लागायला लागली. लातूरला पुन्हा दाखवायचं ठरलं. ऑपरेशनचे कागद ती आपल्या ट्रंकेत ठेवायची. ती झोपली होती म्हणून मीच उघडली. पांढऱ्या साडीच्या घडीखाली तो रुमाल होता. गाठ पुन्हा घट्ट मारलेली, ती मी सोडली.

जेलच्या चौदाच्या चौदा. तेलाच्या, पेस्टच्या, साबणाच्या, सगळ्या. एकही फुटली नव्हती. जेलच्या पाच-सहा पुड्यांवर दातांचे ठसे होते. एक तर पिरगाळून पिरगाळून दोरीसारखी झाली होती, पण माझी दुहेरी कड काही सुटली नव्हती.

मी जुन्या सामानातले रबरी हातमोजे काढले, बोटांना काही कळू नये म्हणून एकावर एक दोन जोड घातले आणि ती पुडी फोडायला बसलो. किती तरी वेळ बसलो. नाही फुटली.

दुसऱ्या दिवशी अक्कांकडं गेलो. त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणाल्या, "तोंड लई आलं होतं तिचं. ताट पुढं ठेवलं की म्हणायची, थांबा, औषध लावते, आणि तिकडं भिंतीकडं तोंड करून बसायची. पुडी तोंडात धरलेली मी बघितली की. मला वाटलं लावून राहिली. मग म्हणायची, भूक न्हाई. चार दिवस ताकावर काढले बाईनं." आणि मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "का ओ? काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं. तिचा स्वभावच तसा. कुणाला मागणं नको. अक्कांना सांगितलं असतं की बोटं गेलीत, तर त्यांना वाटलं असतं हिचं हिला होत नाही. म्हणून बिचारी तोंड दाबून बसली. हे समजावणं मला बरं वाटलं. त्यात माझी चूक पुडीपुरतीच राहत होती. मी रुमाल होता तसा घडीखाली ठेवला आणि तिला काही बोललो नाही.

लातूरला सांगितलं की फुप्फुसात उतरलंय, भरती करा. आदल्या दिवशी पिशवी भरताना तीच म्हणाली, "पुड्या करा की थोड्या. तिथल्या कपाटात जागा नसती."  तिला त्यांची काय गरज होती? मला काम द्यायचं म्हणून म्हणाली, एवढं मला त्या वेळीही कळलं. मी दिवा पेटवला. ह्या वेळी एकेरी कड ठेवली, आणि प्रत्येक पुडीच्या कडेला ब्लेडनं तिरकी खाच दिली. एका पुडीला एक क्षण लागतो, जास्त नाही. मग दोन जोड मोजे घालून प्रत्येक जातीची एक फोडून बघितली.

वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यापुढं पेज आली. तिनं उशाखालून जेलची पुडी काढली. बोटं कडेवरून फिरवली. खाच तिला लागली की दिसली, माहीत नाही, पण तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुष्कळ वेळ बघत राहिली. मी खाली बघितलं.

मग ती फोडायला लागली. पुडी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. हातात आता जोरच राहिला नव्हता, खाच असून काय करते. मी हात मांडीवर दाबून बसलो होतो. तिला मदत आवडणार नाही, तिचं तिला होऊ दे, असं मला वाटत होतं. शेवटी तिनं पुडी दातात धरली आणि ओढली, तसं ओठातून रक्त आलं.

"दे इकडं," मी म्हणालो. "मी फोडतो."

तिनं पुडी मुठीत घेतली आणि मूठ चादरीखाली नेली. "राहू द्या. फुटंल आता. चांगली केलीय तुम्ही. माझंच बोट... रागावू नका."

"मी कुठं रागावलो!"

हे मी ओरडून बोललो. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली. सिस्टर दारात येऊन उभी राहिली. आणि हिनं ताबडतोब मूठ चादरीबाहेर काढली, उघडली आणि पुडी माझ्यापुढं धरली, मार टाळायला पोर धरतं तशी.

मी आयुष्यात तिच्यावर कधी हात उगारला नाही. हे मी लोकांना अभिमानानं सांगत आलो. पण त्या बाईनं नागपुरात चार दिवस उपास काढला तो अक्कांना लाजून नव्हे. माझी पुडी फुटली नाही हे मला कळलं तर मी काय बोलेन, ह्या भीतीनं. घरी येऊन खोटं बोलली ती त्याच भीतीनं. मला वाटत होतं ती मानी आहे. ती मला घाबरत होती.

मी पुडी फोडली. अर्धं जेल चादरीवर सांडलं. उरलेलं बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावलं, मग आत, गालाला, जिभेच्या कडेला. इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडाला असा हात कधी लावला नव्हता. तिनं डोळे मिटून घेतले.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं. शक्य तितक्या हळू विचारलं.

"लई बरं वाटतंय," ती म्हणाली.

त्यानंतर ती आठ दिवस होती. रोज मी जेल लावायचो, रोज विचारायचो, आणि रोज ती तेच म्हणायची. तिला खरंच बरं वाटत होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, हे मला कळायला काही मार्ग राहिलेला नाही.